आत्यांची सुई आणि ता. क. मधली ओळ

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही बार्शी तालुक्यात राहतो. माझ्या सासूबाईंना (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) तीन-चार वर्षांपासून पित्ताचा त्रास आहे. वय ६३. छातीत जळजळ, करपट ढेकरा, पोटाच्या वरच्या बाजूला आग. पॅनची गोळी दिली तर म्हणतात, 'काही फरक नाही गं.' दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं आणि त्यातून पित्ताची सुई दिली की तासाभरात हसत घरी येतात. आधी दोन महिन्यांतून एकदा जायचो, आता पंधरा दिवसांनी जावं लागतं. दरवेळी पाच-सहाशे रुपये आणि माझा एक दिवसाचा रोजगार बुडतो. गावातला एक कंपाउंडर म्हणतो, 'मी घरी येऊन कमरेत देतो, शंभर रुपयांत काम.' पुण्याची नणंद म्हणते, या सुयांनी किडनी जाते. सुई चालू ठेवू का? घरी देऊन घेऊ का? की गोळीतच जास्त पॉवरचं काही मिळेल?

— एक सून

ता. क. आत्यांना बीपीची गोळी चालू आहे. गुडघ्यासाठी मेडिकलमधून गोळ्या आणतात. सोयाबीनच्या काढणीत रोज दोन घेत होत्या, आता लागेल तशी. दिवाळीपासून संडासला काळं होतंय म्हणतात, पण उष्णता असेल म्हणून लक्ष दिलं नाही.

उत्तर

ताई,

तुम्ही सुईबद्दल विचारलंत, पण मी उत्तर ता. क. पासून सुरू करते. तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी पत्त्यावर चार ओळींची चिठ्ठी धाडली आहे. तीच गोष्ट इथे पुन्हा लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कितीतरी घरांत अशी एखादी आत्या असेल.

गुडघ्याच्या गोळ्या, ६३ वर्षांचं वय आणि काळी शौच, या तीन गोष्टी एकत्र आल्या की आधी एकच शंका घ्यायची: जठरात जखम झाली आहे आणि तिथून थोडं थोडं रक्त जातंय. जठरातलं रक्त आतड्यातून खाली येईपर्यंत लाल राहत नाही, काळं पडतं. म्हणून आत्यांना विचारा, लाजू नका आणि त्यांनाही लाजू देऊ नका. रंग नुसता गडद आहे की डांबरासारखा काळा? चिकट आहे का, भांड्याला धरून बसतं का, पाणी ओतलं तरी लवकर जात नाही का, नेहमीपेक्षा वेगळा उग्र वास येतो का? लोहाच्या म्हणजे रक्तवाढीच्या गोळ्या चालू असतील तरी शौच काळसर होते, पण ती सहसा घट्ट असते आणि तिला तो वास नसतो. तेही विचारून घ्या.

डांबरासारखं असेल तर आत्यांना त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. उठल्यावर चक्कर, दरदरून घाम, छातीत धडधड, किंवा उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं, तर एसटीची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. यातलं काही नसेल तरी दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात. पण मला आकड्यापेक्षा उतार जास्त महत्त्वाचा वाटतो. मागे कधी तपासलेलं असेल तर तो कागद शोधून सोबत न्या. पूर्वी साडेअकरा होतं आणि आता साडेआठ आलं, तर डॉक्टरांना पुढचं सांगावं लागणार नाही.

आणि गुडघ्याच्या गोळ्या आजपासून बंद. 'लागेल तशी' सुद्धा नाही.

आता सुईकडे येऊ. तुमच्या दवाखान्यात देतात ती बहुधा पॅन्टोप्राझोलची असावी. छोटी काचेची बाटली, तळाशी पांढरी पूड, ४० मिलिग्रॅम. त्यात १० मिली सलाईन घालून पूड विरघळवायची आणि शिरेतून सावकाश, किमान दोन मिनिटं घेऊन द्यायची, नाहीतर १०० मिलीच्या बाटलीत मिसळून पंधरा मिनिटांत सोडायची. तुम्ही घरी देता त्या पॅनच्या गोळीतही हेच औषध असतं आणि बहुतेक तितकंच, ४० मिलिग्रॅम. गोळीतलं साधारण तीन चतुर्थांशाहून अधिक औषध रक्तात उतरतं. दिवसभरात आम्ल किती कमी झालं हे मोजलं तर गोळी आणि सुई जवळपास सारख्याच भरतात. म्हणूनच रुग्णालयात सुई चालू असलेला माणूस जेवायला लागला की आम्ही तितक्याच ताकदीच्या गोळीवर आणतो. सुई 'जास्त पॉवरची' नसते. ती लवकर सुरू होते एवढंच खरं.

मग ही सुई बनवली कशासाठी? ज्याच्या पोटात गोळी जाऊ शकत नाही किंवा टिकत नाही त्याच्यासाठी. सारख्या उलट्या होताहेत, ऑपरेशन झाल्यामुळे तोंडाने काही द्यायचं नाही, माणूस व्हेंटिलेटरवर आहे. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे जठरातून वाहणारं रक्त. तिथे या औषधाचं मोल मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रक्त थांबवायला शरीर जखमेवर गुठळी बसवतं, पण जठरातल्या आम्लात ती नीट धरत नाही आणि धरली तरी विरघळते. आम्ल जवळजवळ संपवून टाकलं तर गुठळीला टिकायला वेळ मिळतो. म्हणून घशातून घातलेल्या दुर्बिणीतून जखम बंद केल्यावर पुन्हा रक्त सुटण्याचा धोका मोठा असेल तर ८० मिलिग्रॅम एकदम आणि मग तासाला ८ मिलिग्रॅम असं ७२ तास सलग देण्याची पद्धत आहे. वॉर्डात सिस्टर रात्रभर त्या पंपाचा आकडा बघत असतात. तीन दिवस असे गेले, चौथ्या दिवशी पेशंटने पेज मागितली, की आम्हालाच जेवल्यासारखं वाटायचं.

पंधरा दिवसांतून एकदा एक सुई हा मात्र कुठलाच उपचार होत नाही. तिचा असर दिवस-दीड दिवस. उरलेले तेरा दिवस आत्यांचं जठर उघडंच.

तुम्ही म्हणाल, मग त्यांना बरं का वाटतं? आणि गोळीने का वाटत नाही? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि आत्या खोटं बोलत नाहीत.

आधी गोळीचं सांगते. आम्ल तयार करणारे बारीक पंप जठराच्या आतल्या अस्तरात असतात. या औषधाला चालू असलेलाच पंप पकडता येतो, बंद पंपावर त्याची मात्रा चालत नाही. तुमच्या विहिरीवरच्या मोटारीला लाईट आल्यावरच पाणी चढतं, तसे हे पंप जेवण आलं की जोरात सुरू होतात. औषध रक्तात काही तासच राहतं. म्हणजे पंप सुरू व्हायच्या वेळी औषध रक्तात हजर पाहिजे. त्यासाठी गोळी सकाळी उपाशी पोटी घ्यायची आणि अर्ध्या ते एक तासाने खायचं. आत्या गोळी कधी घेतात हे तुम्ही लिहिलं नाही, पण तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, दुपारी जेवणानंतर आग सुटली की घेत असणार. पंप सुरू होऊन काम उरकून बसलेले असतात, गोळी वाया जाते. शिवाय सगळे पंप एका दिवसात हाती लागत नाहीत आणि शरीर रोज नवे पंप घडवत असतं, म्हणून पूर्ण गुण यायला रोज न चुकता तीन ते पाच दिवस लागतात. एक गोळी घेऊन 'काही फरक नाही' म्हणणं म्हणजे पेरलं त्याच दिवशी उगवलं का बघणं. आणि ही गोळी चावायची नाही, कुटून द्यायची नाही. तिच्यावर जे आवरण असतं ते तिला आम्लापासून वाचवून आतड्यापर्यंत नेण्यासाठी असतं. म्हाताऱ्या माणसांना गोळी गिळत नाही म्हणून घरचे प्रेमाने पूड करून मधात देतात आणि औषध जठरातच नासतं, हेही मी पाहिलं आहे.

आता सुईने बरं वाटण्याचं. औषध शिरेतून लवकर पोहोचतं हा त्यातला एक भाग. दुसरा भाग त्या सलाईनच्या बाटलीत असतो. तिच्यात बहुतेक वेळा उलटीचं इंजेक्शनही जातं, मळमळ थांबते, अंगात पाणी जातं. तिसरा भाग असा की दवाखाना गाठेपर्यंत जळजळीचा जोर आपोआपही ओसरायला लागलेला असतो. आणि चौथा भाग मला तुमच्या पत्रात दिसला. तासभर आत्या पंख्याखाली आडव्या पडतात आणि सून कामाचा दिवस मोडून उशाशी बसते. पंधरा दिवसांत दिवसाउजेडी पाठ टेकायची त्यांना ही एकच वेळ मिळत असेल, तर हसत घरी येणारच. यात काही लबाडी नाही. फक्त तो आराम औषधाच्या नावावर जमा होतोय, आणि तुमच्या नावावर व्हायला हवा.

तुमच्या डॉक्टरांवर मी राग काढणार नाही. आपल्याकडे सुई दिली नाही तर 'डॉक्टरनी नुसत्या गोळ्या दिल्या' म्हणून माणूस पुढच्या दवाखान्याची पायरी चढतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही अशा सुया दिल्या आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण सुईने दुखणं दर वेळी तेवढ्यापुरतं झाकलं जातं, आणि पंधरा दिवसांनी तीच बाई त्याच खाटेवर येते तेव्हा 'हे दुखतंय कशाने' हे विचारायचं राहून जातं. दोन महिन्यांचं अंतर पंधरा दिवसांवर आलं, तेव्हाच कुणीतरी थांबून बघायला हवं होतं.

माझ्या मते ते 'कशाने' तुमच्या मेडिकलच्या पुडीत आहे. पुडी काढून नावं वाचा. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, पायरोक्सिकॅम यातलं काही असेल तर चोर सापडला. जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत लेप असतो, तो आम्लापासून अस्तराचं रक्षण करतो. ज्या रसायनाने तो लेप टिकतो ते तयार होणंच या गोळ्या थांबवतात. आणि हे त्या रक्तातून करतात, त्यामुळे 'मी जेवूनच घेते' याने सुटका होत नाही. हेच औषध कमरेत टोचून घेतलं तरी जठराला पोहोचतं. आणखी एक घातक गोष्ट म्हणजे या गोळ्या दुखणं मारतात, त्यामुळे जखम होऊनही फार दुखत नाही. वय झालेल्या माणसांत अनेकदा पहिली खूण दुखणं नसून काळी शौच असते. पुडीवर नाव नसेल, नुसती कागदात बांधलेली 'गुडघ्याची पूड' असेल, तर जास्त सावध व्हा. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं, आणि स्टेरॉईडबरोबर वेदनाशामक घेतलं की जखमेचा धोका कित्येक पटींनी वाढतो. मात्र अशी पुडी बरेच महिने चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सांगण्याने बंद करा. सवय झालेलं स्टेरॉईड एकदम तोडलं तरी माणूस कोसळू शकतो.

दुसरी एक सूचना इतर वाचकांसाठी. हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिलेली असेल तर हे वाचून ती आपल्या मनाने बंद करू नका. पोटाला त्रास होतोय हे त्याच डॉक्टरांना सांगा.

गुडघ्याचं काय, हा आत्यांचा पहिला प्रश्न असेल आणि तो बरोबर आहे. दुखतंय म्हणून तर गोळी आली. पॅरासिटामॉल जठराला असं खात नाही. ५०० ची गोळी गरजेप्रमाणे, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून आणि दिवसाला चारच्या आत, यकृताचा त्रास किंवा दारू नसेल तर साधारणपणे चालते, पण आधी डॉक्टरांना विचारून. वेदनाशामक मलम वरून चोळलं तर पोटाला फार कमी पोहोचतं. आणि खुर्चीवर बसून एक पाय सरळ समोर ताठ धरायचा, दहापर्यंत मोजायचं, खाली ठेवायचा, मग दुसरा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. महिनाभर लागतो, पण याला पैसे पडत नाहीत.

कंपाउंडरच्या शंभर रुपयांबद्दल: नको. पॅन्टोप्राझोल कमरेत देतच नाहीत, ते फक्त शिरेतून द्यायचं औषध आहे. मग तो कमरेत काय देणार? एक तर चुकीच्या जागी पॅन्टोप्राझोल, नाहीतर दुसरंच काही, बहुधा रॅनिटिडीन. ते छोट्या काचेच्या ॲम्प्यूलमध्ये तयार द्रवरूपात मिळतं आणि कमरेत देता येतं. जुनं औषध आहे, त्याने लाखो लोकांना गुण आला, पण २०१९ मध्ये त्यात कर्करोगाचा धोका वाढवू शकणारं एनडीएमए नावाचं द्रव्य सापडलं, २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला सांगितलं, आणि आपल्याकडच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून २०२२ मध्ये ते वगळलं गेलं. शिवाय ते शिरेतून घाईने दिलं तर नाडीचे ठोके मंद होऊ शकतात. पूर्वी घेतलं असेल तर घाबरून जायचं कारण नाही, पण आज मुद्दाम शोधून घ्यायचंही नाही.

सुई कुठलीही असो, घरी घेण्यात दोन धोके आहेत. क्वचित कुणाला औषधाची रिॲक्शन येते, घसा सुजतो, बीपी कोसळतं. दवाखान्यात तेव्हा ॲड्रेनालिन हाताशी असतं. तुमच्या ओसरीवर काय असेल? दुसरा धोका सुईचाच. गुजरातमधल्या मोडासा गावात २००९ साली हिपॅटायटिस बीची साथ आली आणि अनेक माणसं दगावली. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने ती पसरली होती. सुई द्यायचीच वेळ आली, अगदी चांगल्या दवाखान्यातही, तर सिरिंजचं पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. कुणी चिडलं तर चिडू द्या.

नणंदबाईंच्या किडनीच्या भीतीत थोडं तथ्य आहे. या जातीच्या औषधांनी क्वचित किडनीला सूज येते आणि ती ओळखावी लागते. वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांत बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं थोडी ठिसूळ होण्याचा आणि आतड्याच्या काही जंतुसंसर्गांचा धोका वाढतो. यातलं बरंचसं औषध किती काळ घेतलं यावर ठरतं, ते गोळीतून घेतलं की सुईतून याने फरक पडत नाही. आत्यांच्या किडनीचा विचार करायचा तर बोट गुडघ्याच्या गोळीकडे दाखवा. बीपी असलेल्या माणसाची किडनी वेदनाशामकांनी बिघडते हे आम्ही रोज बघतो, आणि त्याच गोळ्या बीपीही चढवतात. रक्त तपासायला जाल तेव्हा क्रिॲटिनिनही (किडनी कशी चालते ते दाखवणारी तपासणी) करून घ्या.

पुढची पायरी दुर्बिणीची. आत्यांच्या वयात, काळी शौच असताना, नुसती औषधं बदलत बसणं मला मान्य नाही. घशातून बारीक नळी घालून जठर बघतात, सहा-आठ तास उपाशी राहावं लागतं, घशात सुन्न करायचा फवारा मारतात, तपासणी पाच-दहा मिनिटांत होते. उमासे येतात, डोळ्यांत पाणी येतं, पण दुखत नाही. हे आत्यांना आधी खरं खरं सांगा. 'काही होत नाही' म्हणून नेलंत आणि उमासे आले तर पुन्हा त्या कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवणार नाहीत. सोलापूरला सिव्हिलच्या ओपीडीत चौकशी करा. खासगीत करणार असाल तर आधी खर्च विचारून घ्या.

दुर्बिणीत जखम दिसो न दिसो, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी मागून घ्या. हा जंतू जठराच्या लेपात घर करून राहतो आणि अल्सरचं, म्हणजे जठरातल्या अशा जखमेचं, मोठं कारण तोच आहे. आपल्या देशात तो फार लोकांच्या पोटात असतो. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो शोधला तेव्हा कुणी मानेना, कारण एवढ्या आम्लात जंतू जगेल कसा? मग १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचं पाणी स्वतः प्यायलं, आजारी पडले आणि जठराला सूज आल्याचं दाखवून दिलं. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. हा शोध लागण्याआधी अल्सरच्या माणसाला जन्मभर फिकं खाऊन, काळजी करू नको असं ऐकत जगावं लागायचं. आता जंतू सापडला तर बहुधा चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स असतो. इथे तुमच्या सुईचा थेट संबंध येतो. पॅनची गोळी किंवा सुई गेल्या दोन आठवड्यांत, आणि अँटिबायोटिक गेल्या चार आठवड्यांत घेतलेलं असेल तर जंतू असूनही तपासणीत 'नाही' येऊ शकतं. दर पंधरा दिवसांनी सुई घेणाऱ्या बाईच्या 'नाही' आलेल्या रिपोर्टचा भरवसा धरता येत नाही. म्हणून शेवटची सुई आणि गोळी कधी घेतली ती तारीख कागदावर लिहून न्या. रक्त जाण्याची शंका असताना मात्र तपासणीसाठी म्हणून आपल्या मनाने औषध थांबवू नका, ते डॉक्टर ठरवतील.

एक अनुभव सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रात्री साडेअकराला एक शेतकरी आले, पन्नाशीचे, हाताची मूठ छातीच्या खाली दाबून धरलेली. म्हणाले, 'मॅडम, पित्त लई खवळलंय, एक सुई मारा, पहाटे दारं धरायची हैत.' दोन रात्री आधी दुसऱ्या एका दवाखान्यात तीच सुई घेऊन ते घरी गेले होते. कपाळावर घाम होता आणि बाहेर थंडी होती. मी सुईआधी ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका होता. तो भाग जठराच्या अगदी लगत, त्यामुळे कळ पोटात वाटते. ते वाचले, पण दोन दिवसांत हृदयाचा जो तुकडा गेला तो परत आला नाही. बायकांमध्ये आणि डायबेटिस असणाऱ्यांत तर छातीत कळ न येता नुसती जळजळ, मळमळ, थकवा एवढंच असू शकतं. आत्यांना बीपी आहे. चालल्यावर किंवा जिना चढल्यावर जळजळ वाढत असेल, घाम येत असेल, जबडा, खांदा किंवा हात भरून येत असेल, तर पित्त म्हणून थांबू नका, ईसीजी काढा.

आपल्या भाषेत पित्त या शब्दावर फार ओझं आहे. जळजळ झाली तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. आमच्या पुस्तकातलं पित्त आणखी वेगळं, ते यकृतात तयार होतं. दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये 'पित्ताचं द्या' एवढंच म्हटलं तर समोरचा त्याच्या मनातलं पित्त समजून औषध देतो. म्हणून काय होतंय ते सांगा: कुठे जळतं, कधी जळतं, जेवल्यावर की उपाशी असताना, आडवं पडल्यावर घशाशी येतं का.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. ठेच्याने अल्सर होत नाही, असलेल्या जखमेला झोंबतो इतकंच. उपाशीपोटी सारखा कोरा चहा आणि मिसरी यांच्यावर माझा जास्त राग आहे. तंबाखू जखम भरू देत नाही. रात्री जेवून लगेच पडायचं नाही, दोन-तीन तास जाऊ द्यायचे, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली एक-एक वीट द्यायची. मधेच आग सुटली तर अँटासिडचं पातळ औषध दोन चमचे, ते आहे त्या आम्लाला तिथल्या तिथे मारतं, मिनिटांत बरं वाटतं. तातडीच्या आरामासाठी सुईपेक्षा हे सोपं. क्रिॲटिनिन वाढलेलं असेल तर मात्र तेही विचारून. खायचा सोडा किंवा फसफसणारी पावडर बीपीच्या माणसाला रोज नको, त्यात सोडियम फार असतं. आणि मेडिकलवाला 'डी' लावलेली कॅप्सूल देईल, त्यात डॉमपेरिडोन असतं. वय झालेल्या माणसाने ते महिनोन्महिने घेऊ नये, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. साधी गोळी मागा.

गोळी किती दिवस? जखम निघाली तर साधारण आठ आठवडे, कधी जास्त. पुढे बंद करताना डॉक्टर हळूहळू कमी करतील. एकदम सोडली तर आठ-पंधरा दिवस आम्ल उसळी मारतं, माणसाला वाटतं आजार परत आला आणि तो पुन्हा गोळीकडे किंवा सुईकडे धावतो. ते दिवस अँटासिडवर काढायचे असतात.

राहिल्या आत्या. 'सुई बंद' असं त्यांना सांगू नका, त्यांना ते 'आता माझ्यावर खर्च नको झालाय' असं ऐकू येईल. असं सांगून बघा: 'आत्या, सुईने तुम्हाला पंधरा दिवससुद्धा पुरत नाही. एकदा आतून बघून घेऊ, मग जे लागेल ते घेऊ.' आणि पंधरा दिवसांनी दवाखान्याचा वार आला की त्यांना दुपारी तासभर पडायला लावा, पंखा लावा, जमलं तर जवळ बसा.

आत्या मिसरी लावत असतील तर डबी त्या जिथे ठेवतात तिथून उचला आणि त्या जागी पॅनच्या गोळ्यांचं पाकीट ठेवा. सकाळी उठल्यावर हात तिकडेच जातो. गोळी घेतली की चुलीवर भाकरी पडेपर्यंत अर्धा तास होतोच. हिमोग्लोबिनचा आकडा आला की मला कळवा.